डिश छपरावरून परसात आणायची आहे? नेहमी येणारे प्रश्न

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराची डिश मी चार वर्षांपूर्वी कौलांवरून उतरवून मागच्या परड्यात खांबावर बसवली, आणि तेव्हापासून नातेवाईक, शेजारी, त्यांचे शेजारी, सगळे तेच तेच प्रश्न फोनवर विचारत असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. आकडे मुख्यतः डीडी फ्री डिशचे दिलेत कारण गावाकडे तीच जास्त आहे, खासगी डीटीएच असेल तर प्रश्न ३ आधी वाचा.

१. डिश खाली आणली तर सिग्नल कमी होणार नाही का? उंचावर जास्त येतो ना?

नाही हो. हा गैरसमज जुन्या अँटेनाच्या काळातला आहे. तेव्हा दूरदर्शनचा टॉवर जमिनीवर होता, मधे घरं-डोंगर यायचे, म्हणून बांबू जेवढा उंच तेवढं चित्र चांगलं. डिशचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर आहे, त्याला तुमच्या छपराच्या पंधरा फुटांनी काय फरक पडतोय? डिशपासून आकाशातल्या त्या एका जागेपर्यंत मधे काही आडवं नको आणि डिश हलायला नको, बस. उंची लागते ती फक्त आडवं आलेलं काही चुकवायला. परसात तशी मोकळी जागा असेल तर खालीच लावा, भर पावसात कौलांवर चढायचं तरी वाचेल.

२. मग हलवायचीच कशाला? आहे तिथे काय वाईट आहे?

चांगली चालत असेल तर अजिबात हात लावू नका! हलवायची वेळ येते ती साधारण तीन कारणांनी. झाड वाढून आड येतं (आमचा आंबा), शेजारी मजला चढवतो, नाहीतर छपरावरची पकड ढिली होते. जांभ्याच्या भिंतीत मारलेले अँकर बोल्ट दोन-तीन पावसाळ्यांत हलायला लागतात, दगडच मऊ आणि सच्छिद्र, तो बोल्ट धरणार तरी किती. कौलांवर लोखंडी पट्टीला बांधलेली डिश तर दर वाऱ्यात थोडी थोडी फिरत राहते.

३. डिशचं तोंड नक्की कुठे करायचं?

आग्नेयेला आणि बरंच वर. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते, हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला आणि तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. उत्तर म्हणजे शून्य आणि पूर्व म्हणजे नव्वद धरून पुण्याहून दिशा साधारण १३२ अंश आणि क्षितिजापासून उंची ५९ अंश. मुंबईहून दिशा १३१, उंची ५७-५८. रत्नागिरीहून १२८-१२९ आणि ५९. कोल्हापूर १२९ आणि ६०. नागपूर बरंच पूर्वेला असल्यामुळे तिथून उपग्रह जास्त दक्षिणेकडे दिसतो, १४४-१४५ आणि उंची ६०. पणजीहून १२७ आणि ६१.

टाटा प्ले ८३ अंशांवर आहे, म्हणजे पुण्याहून दिशा १५३ आणि उंची ६६, डिश बरीच दक्षिणेला वळते. बाकीच्या कंपन्यांचे उपग्रह वेगळे आहेत, तेव्हा कस्टमर केअरला "ऑर्बिटल पोझिशन किती" एवढंच विचारा. शेजाऱ्याची डिश बघून आपली फिरवायची असेल तर त्याची कंपनी तीच आहे ना ते आधी बघा, यात लोक फार फसतात.

४. पण डिश तर जवळजवळ सरळ उभी दिसते, ५९ अंश वर कुठे बघतेय?

ही मधे खोलगट, गोल भांड्यासारखी डिश नव्हे. घरगुती डिश ऑफसेट असते, एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा छोटा डबा, केबल त्यालाच लागते) मधोमध नसून खालून आलेल्या दांड्यावर असतो, त्यामुळे डिश दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. म्हणून डोळ्याच्या अंदाजाने "अजून वर कर, अजून वर कर" करत बसलात तर उपग्रह कधीच मागे पडलेला असतो. ब्रॅकेटवर अंशांच्या खुणा असतात त्या हा हिशोब धरूनच काढलेल्या असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवा. अट एकच, खांब ओळंब्यात पाहिजे (प्रश्न ७).

५. झाड आड येतंय का हे खड्डा खणायच्या आधी कसं कळणार?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि नेमका हाच कोणी विचारत नाही, खड्डा खणून झाल्यावर फोन येतो.

साधा हिशोब असा. उंची ५९-६० अंश आहे म्हणजे डिशच्या पातळीपासून दहा फूट वर गेलेली भिंत डिशसमोर निदान सहा-साडेसहा फूट लांब पाहिजे, मी आठ धरतो. चाळीस फुटी माड असेल आणि डिश जमिनीपासून पाच फुटांवर, तर माडाचा शेंडा डिशच्या वर पस्तीस फूट, म्हणजे अंतर एकवीस फूट. पण माडाच्या झावळ्या चारी बाजूंनी पसरतात आणि वाऱ्याने झुलतात, म्हणून तीस-पस्तीस फूट तरी सोडा. नाहीतर वारा आला की चित्राचे चौकोन चौकोन होणार आणि तुम्ही दोष बॉक्सला देणार.

मोजायचं कसं? मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या, त्याच्या मधल्या भोकातून दोरा ओवून खाली एक नट बांधा. कोनमापक उलटा धरून त्याच्या सरळ कडेवरून आकाशाकडे बघा. कड आडवी असताना दोरा ९० वर असतो, ६० अंश वर बघताना तो ३० च्या खुणेवर येतो (किंवा दुसऱ्या बाजूने धरलात तर १५० वर). जिथे डिश येणार त्याच उंचीवरून, होकायंत्राने १२८-१३२ जे काय असेल ती दिशा पकडून असं बघा. पानं दिसली तर जागा बाद. चार फूट बाजूला सरका आणि परत बघा, बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

आणि एक गंमत. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या आसपास सूर्य बरोबर जीसॅट-१५ च्या मागे येतो. त्या वेळी परसात जिथे स्वच्छ ऊन पडलंय तिथून उपग्रह दिसतो, जिथे सावली तिथून नाही. मी मार्चमध्ये चुन्याने उन्हाची हद्द आखून ठेवली होती आणि खांब एप्रिलमध्ये पुरला. आईला वाटलं मी कसली पूजा मांडतोय.

६. मोबाइलचा होकायंत्र चालेल का?

चालेल, पण लोखंडी पाइपाला चिकटून उभं राहून बघू नका, आकडा पाच-दहा अंशांनी सहज खोटा पडतो. तीन-चार मीटर मागे या, फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवून घ्या, मग वाचा. फोनच्या कव्हरला मॅग्नेट असेल तर कव्हर काढा. ही दिशा फक्त सुरुवातीला, शेवटचं अचूक लावणं बॉक्सचा सिग्नल मीटर टीव्हीवर बघूनच होतं (प्रश्न ९).

७. खांब कसा पुरायचा? किती खोल?

साठ सेंटीमीटरच्या डिशला जीआय पाइप (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) घ्या, जाडसर गेजचा. साइज माझ्याकडून विचारू नका, डिशचा ब्रॅकेट पिशवीत घालून दुकानात घेऊन जा आणि पाइपावर चढवून बघा. ढिला बसणारा ब्रॅकेट पत्रे कोंबून घट्ट करण्यात काही अर्थ नाही, पहिल्या वादळात फिरतो. पाइप एकूण सात फूट, त्यातला दोन फूट जमिनीत.

खाली टोकाशी एक आडवी सळई वेल्ड करून घ्या, वेल्डर पाच मिनिटांत करून देतो. ती नसेल तर काँक्रीटमध्ये पाइप जागच्या जागी फिरतो, वरून बघायला सगळं भक्कम दिसतं पण सिग्नल गेलेला असतो. खड्डा फूटभर रुंद, माल एक सिमेंट, दोन वाळू, चार खडी. माल ओतल्यावर लगेच ओळंबा लावा, एका बाजूने नाही, दोन बाजूंनी, काटकोनात, आणि दोऱ्यांनी ताणून ठेवा. खांब तिरका राहिला तर ब्रॅकेटवरचे अंश खोटे पडतात आणि डिश डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही बदलत जाते, मग दिवसभर शोधत बसा. तीन-चार दिवस पाणी मारा आणि तोवर डिश चढवू नका.

पाइपाचं वरचं तोंड बंद करा, प्लास्टिकचं झाकण मिळतं. नाहीतर आत पाणी साचतं आणि कुंभारीण माशी मातीचं घर बांधते.

८. आमच्याकडे कातळ आहे, खड्डा होतच नाही

मग वर बसवा. कातळावर दोन बाय दोन फुटांचा, फूट-दीड फूट उंचीचा काँक्रीटचा ठोकळा घाला आणि त्यातच पाइप धरून घ्या, सळई आडवी तीच. असा ठोकळा दोनअडीचशे किलोच्या वर जातो, हलत नाही. जांभ्याच्या गडग्याला क्लॅम्प मारायचा मोह होतो पण का नको ते प्रश्न २ मध्ये सांगितलंय.

९. डिश बसवली, आता सिग्नल कसा शोधायचा? एक जण वर, एक जण टीव्हीपाशी?

परसात आणल्याचा खरा फायदा इथेच आहे. छपरावर होती तेव्हा मी वरून ओरडायचो "आलं काय?" आणि काकू आतून "आलं... गेलं!" आणि तेवढ्यात माझा हात पुढे गेलेला. आता छोटा टीव्ही आणि बॉक्स एक्स्टेंशन लावून सरळ खांबापाशी नेतो. टीव्ही नेता येत नसेल तर आतल्या माणसाला व्हिडिओ कॉल लावून फोन स्क्रीनसमोर धरायला सांगा.

बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान उघडा. उंची आधी आकड्यावर ठेवून नट हाताने घट्ट करा, आणि डिश डावी-उजवीकडे फिरवा, एका वेळी केसभर. मग थांबा. बॉक्सला नवीन आकडा दाखवायला दोन-तीन सेकंद लागतात, हे न कळल्यामुळेच लोक उपग्रहावरून दहा वेळा पुढे निघून जातात. त्या पानावरची क्वालिटी (स्ट्रेंथ नव्हे, का ते प्रश्न १० मध्ये) आली की उंची थोडी वर-खाली, मग परत बाजू, मग एलएनबी त्याच्या होल्डरमध्ये जरासा फिरवून बघा. आकडा सगळ्यात जास्त जिथे येतो तिथे पेन्सिलीची खूण करा आणि नट आवळा. आवळताना डिश सरकते, म्हणून समोरासमोरचे नट आळीपाळीने आणि डोळा मीटरवर.

१०. स्ट्रेंथ ८० दाखवतंय पण क्वालिटी शून्य. बॉक्स बिघडलाय का?

बहुतेक नाही. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून काहीतरी येतंय एवढंच, एलएनबी नुसता चालू असला तरी ती दिसते. बघायची ती क्वालिटी. ती शून्य म्हणजे डिश चुकीच्या जागी बघतेय.

क्वालिटी आहे पण स्कॅन केल्यावर भलतेच चॅनेल येतात, हा याचाच दुसरा प्रकार. ९३.५ च्या शेजारीच ९५ अंशांवर उपग्रह आहेत, फक्त दीड अंशाचा फरक, आणि साठ सेंटीमीटरच्या डिशला एवढं जवळचं नीट वेगळं करता येत नाही. अशा वेळी डिश किंचित दक्षिणेकडे, म्हणजे मागे उभं राहून बघितलं तर उजवीकडे, सरकवा आणि परत स्कॅन करा.

११. केबल किती लांब चालते? परस घरापासून बरंच लांब आहे

आरजी-६ (डिशला वापरतात ती जाड गोल केबल) चांगली असेल तर तीस मीटरपर्यंत मी बिनधास्त टाकतो. पुढे सिग्नल कमी होत जातो आणि स्वस्तातली केबल असेल तर तीसच्या आधीच. जुन्या केबल टीव्हीची पडून असलेली वायर अजिबात वापरू नका. मधे जोड नको, एकच अखंड तुकडा. केबल उघडी मातीत पुरली तर उंदीर-घुशी सोडत नाहीत, पीव्हीसी पाइपातून न्या. घरात शिरायच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून टपकून जातं, सरळ आत घेतली तर पाणी केबलवरून ओघळत थेट टीव्हीच्या मागे येतं. आमच्याकडे भिंत कितीतरी दिवस ओली होती आणि आम्ही कौल फुटलंय समजून छप्पर शोधत होतो!

कनेक्टर लावताना बॉक्स मेनस्विचवरूनच बंद करा. या केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात, आतली तार आणि बाहेरची जाळी चिकटली की बॉक्स जाऊ शकतो. जाळीचा एकसुद्धा केस आतल्या तारेला लागायला नको.

१२. एका डिशवर दोन टीव्ही चालतील का? स्प्लिटर लावला तर कधी चालतं कधी नाही

साधा स्प्लिटर नको. बॉक्स १३-१८ व्होल्ट बदलूनच एलएनबीला सांगतो की कोणत्या बाजूचे चॅनेल हवेत, आता दोन बॉक्स दोन वेगळ्या गोष्टी सांगायला लागले तर एलएनबीने ऐकायचं कोणाचं? दोन आउटपुटवाला ट्विन एलएनबी घ्या आणि दोन वेगळ्या केबल टाका. खासगी कंपनीचं असेल तर दुसऱ्या कनेक्शनचं त्यांच्याशी बोला.

१३. मे महिन्यात मस्त चालते आणि जूनमध्ये जाते. पावसावर काही उपाय?

जोराची सर आली की पाच-दहा मिनिटं जाणारच, ही लहर केयू बँडची, म्हणजे खूप जास्त फ्रीक्वेन्सीची, पावसाचे थेंबच ती शोषतात. पण रिपरिप पावसातही जात असेल तर दोन गोष्टी बघा. एक, कोरड्या दिवसातच क्वालिटी काठावर आहे का, म्हणजे डिश नीट लावलेलीच नाही, मग प्रश्न ९ परत. दोन, झाडाची पानं. कोरड्या फांदीतून थोडाफार सिग्नल गळत येतो, तीच पानं भिजली की भिंत होते.

सगळं ठीक असूनही त्रास असेल तर ९० सेंटीमीटरची डिश घ्या. तिचं क्षेत्रफळ साठवालीच्या सव्वादोनपट, पावसात बराच फरक पडतो, पण वाराही तेवढाच जास्त धरते तेव्हा खांब आणखी जाड पाहिजे. एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी तडकली असेल तर आत पाणी जातं, एलएनबी बदला, सिलिकॉन फासत बसू नका.

१४. मार्चमध्ये आकाश स्वच्छ असताना रोज सकाळी अकराला थोडा वेळ चित्र जातं

प्रश्न ५ मधला सूर्यच तो. उपग्रहाच्या मागे आला की त्याचा गोंगाट सिग्नलला झाकून टाकतो. चार-सहा दिवसांत आपोआप थांबतं, ऑक्टोबरात परत येतं. डिशला हात लावू नका, या दिवसांत हलवून हलवून बिघडवलेल्या डिश मी पाहिल्यात.

१५. खाली लावली तर गुरं, माकडं, पोरं?

माकडं वरही येतात. एलएनबीच्या दांड्यावर बसून झोका घेणं त्यांना फार आवडतं, दांडा वाकला की एलएनबी जागेवरून गेला. गुरांचं मात्र खास खालचं दुखणं. आमच्या शेजारची म्हैस रोज संध्याकाळी आमच्या खांबाला अंग घासायची आणि सातच्या बातम्यांना रोज चित्र गायब! खांबाभोवती दोन हातांवर चार खुंट आणि काटेरी डहाळ्या घातल्या, प्रश्न मिटला. आणि घरातल्यांना सांगून ठेवा, डिशच्या दांड्याला कपडे वाळत घालायचे नाहीत. हे सांगावं लागतं.

१६. विजेचं काय? खांब लोखंडी आहे

खांबाला जाड तांब्याची तार लावून अर्थिंग करा, इलेक्ट्रिशियनकडून. तरीही जवळ वीज पडली तर कुठलंच अर्थिंग खात्री देत नाही, म्हणून परतीच्या पावसात गडगडायला लागलं की बॉक्सचा प्लग आणि डिशची केबल, दोन्ही काढून ठेवा. गडगडाट सुरू असताना काढायला जाऊ नका, आभाळ भरून आलं की आधीच काढा. आणि खांबाची जागा ठरवताना वर बघा, खांब उभा करताना आडवा पडला तरी विजेच्या तारेला लागणार नाही एवढं अंतर पाहिजे. सिग्नल किती का चांगला असेना, तारेखाली खांब नकोच.

१७. जुन्या कंपनीची डिश पडून आहे, तिच्यावर फ्री डिश लागेल?

डिश म्हणजे नुसता पत्रा, तिला कंपनी कळत नाही. एलएनबी मात्र बघा, त्याच्यावर ९७५०/१०६०० लिहिलेलं असेल तर तो युनिव्हर्सल, फ्री डिशला चालतो. डिश कंपनीने भाड्याने दिलेली नाही ना तेवढं आधी विचारून घ्या.

१८. घर दरीत आहे, आग्नेयेला डोंगर आहे. मग तर नाहीच ना?

उलट बहुतेक वेळा चालतं. डोंगर डोळ्यांना केवढाही मोठा वाटला तरी घरातून तो २०-३० अंशांच्या वर क्वचितच जातो, आपल्याला ५९ पाहिजेत. कोनमापकाने मोजा, तुम्हालाच आश्चर्य वाटेल. मागच्या अंगणातला फणस डोंगरापेक्षा जास्त नडतो.

१९. परस नाहीच, फ्लॅट आहे, आणि बाल्कनी वायव्येला

मग त्या बाल्कनीतून नाही लागणार. उपग्रह बरोबर तुमच्या इमारतीच्या पाठीमागे आहे. रेलिंगच्या बाहेर लांब पाइप काढून डिश लटकवलेली मी पाहिली आहे, चौथ्या मजल्यावर, खाली लोकांची ये-जा, असलं काही करू नका. सोसायटीला लेखी अर्ज देऊन गच्चीवर जागा मागा, केबल डक्टमधून खाली आणा, आणि अर्ज देण्याआधी गच्चीवरून तुमच्या घरापर्यंत केबल किती मीटर होते ते मोजून घ्या (प्रश्न ११).